कात्रीची खूण आणि मामांची हरकत

एलईडीची पट्टी आता घरात सगळीकडे शिरली आहे. पीओपीच्या खोबणीत, देवघराच्या कमानीमागे, टीव्हीच्या पाठीशी, गणपतीच्या मखरात. भूमकडे तिचं आणखी एक ठिकाण म्हणजे मिठाईचं काउंटर, कारण हा तालुका खव्याचा. कुंथलगिरीच्या नावाने ओळखला जाणारा खवा आणि पेढा याच भागातला. पेढ्याच्या परातीवर उजेड कसा पडतो यावर गिऱ्हाईक थांबायचं की पुढे जायचं हे पुष्कळदा ठरतं, हे इथल्या दुकानदाराला सांगावं लागत नाही.

ही पट्टी घरच्या घरी कापावी का, आणि कापली तर जोडावी का? या प्रश्नावर माझ्या मनात दोन बाजू आहेत आणि दोन्ही मला खऱ्या वाटतात. म्हणून त्या मी दोन कल्पित माणसांच्या तोंडी देतो. मामांचं सारं आयुष्य वायरिंगच्या कामात गेलं, त्यांच्याकडे परवाना आहे. भाचीने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आहे. तिच्या वडिलांच्या पेढ्याच्या दुकानातल्या काउंटरची पट्टी मधेच तीन दिव्यांपुरती काळी पडली आहे. गौरी-गणपती तोंडावर आहेत आणि भाचीच्या हातात कात्री आहे.

मामा : पोरी, आधी ती कात्री खाली ठेव. नवीन रीळ आणू. पाच मीटरची पट्टी, ॲडॉप्टर लाव, विषय संपला.

भाची : तीन दिवे गेले म्हणून पाच मीटर फेकायची? मामा, तुम्हीच बघा ना, बाकीची पट्टी लख्ख चालू आहे. गेलेत ते तीनच, आणि तेही शेजारशेजारचे.

मामा : म्हणजे पट्टीच खराब निघाली.

भाची : नाही. तिची बांधणीच तशी आहे. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. तीन एकामागे एक लावले की ९-साडेनऊ झाले. १२ मधले उरलेले रेझिस्टर खातो. असा तीन-तीनचा गट, आणि सगळे गट एकमेकांना समांतर. एका गटातला एक दिवा तुटला की त्याचे दोन सोबती विझतात, बाकीच्यांना काही होत नाही. मीटरला ६० दिवे असले तर गट पाच सेंटिमीटरचा. दर पाच सेंटिमीटरवर तांब्याचे ठिपके आणि त्यांच्या मधोमध रेघ, शेजारी कात्रीचं चित्र. बनवणाऱ्यानेच सांगितलंय इथे काप म्हणून. २४ व्होल्टच्या पट्टीत गट सहसा सहाचा असतो, मग ती रेघ दहा सेंटिमीटरवर येते.

मामा : काप म्हणून छापलंय, मान्य. जोड म्हणून कुठे छापलंय?

मामांचा हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. कापण्याने जवळजवळ काहीच बिघडत नाही. रेघेवर कापलं तर दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा ठिपका उरतो आणि दोन्ही तुकडे शाबूत राहतात. रेघ चुकली तर फक्त तो एक गट जातो. खरं काम आणि खरी जबाबदारी जोडापाशी सुरू होते. दुकानात पट्टी घेताना मात्र कापण्याबद्दलच विचारलं जातं, जोडाचं कुणी काढत नाही.

भाची : जोडाला इतकं काय भ्यायचं? १२ व्होल्ट आहेत. कोरड्या हाताने धरले तरी कळत नाहीत.

मामा : हेच, हेच ऐकायला नको वाटतं मला. करंट बसत नाही म्हणजे धोका नाही, असं तुला कुणी शिकवलं? त्या पट्टीवर काय लिहिलंय वाच.

भाची : १४.४ वॉट प्रतिमीटर.

मामा : पाच मीटरचे किती?

भाची : ७२ वॉट. १२ व्होल्टला ६ ॲम्पिअर.

मामा : घरातला पंखा अर्धा ॲम्पिअरसुद्धा घेत नाही. तुझी ही नाजूक पट्टी ६ घेते. आता जोड सैल बसला, त्यात ०.३ ओहमचा अडथळा आला, आणि ५ ॲम्पिअर वाहतायत असं धर. किती उष्णता?

भाची : पाचाचा वर्ग पंचवीस, गुणिले ०.३... साडेसात वॉट.

मामा : घरात ९ वॉटचा एलईडी बल्ब आहे ना? तासभर चालल्यावर त्याच्या बुडाला हात लावून बघ. त्याला निदान उष्णता बाहेर टाकायला सगळं अंग आहे. तुझे साडेसात वॉट दोन-तीन मिलिमीटरच्या ठिपक्यावर बसणार. त्याखाली मखराचं कापड असलं तर? आणि एमसीबीला यातलं काही कळत नाही. ७२ वॉट म्हणजे २३० च्या बाजूला जेमतेम पाव-अर्धा ॲम्पिअर. आरसीसीबीलाही नाही कळत, कारण करंट जमिनीत गळतच नाहीये. जोड जळत राहील आणि घरातली सगळी बटणं शहाण्यासारखी वर उभी राहतील.

भाची थोडी थांबते, आणि थांबायलाच हवं. शॉक आणि आग ही दोन वेगळी संकटं आहेत. व्होल्ट कमी झाले की पहिलं दूर जातं, पण तेवढ्याच वॉटसाठी ॲम्पिअर वाढतात आणि दुसरं जवळ येतं. गणपतीच्या दिवसांत याचा विचार जास्त करावा लागतो. २०१८ च्या बंदीनंतर थर्मोकोलची मखरं मागे पडली हे चांगलंच झालं, पण त्यांच्या जागी आलेला पुठ्ठा, कापड, कागदी फुलं, तेही पेटणारंच आहे. पट्टी रिळावर गुंडाळलेली असतानाच ‘चालते का बघू’ म्हणून तासभर चालू ठेवण्याची सवयही तशीच घातक. सगळी उष्णता एकाच वेटोळ्यात साठते.

भाची : पण मामा, तुमचं गणित सैल जोडाचं आहे. क्लिपच्या कनेक्टरचं. मी सोल्डर करणार आहे.

मामा : बाजारात क्लिपा मिळतात त्या काय वाईट?

भाची : दहा दिवसांच्या मखराला चालतील. आधी रुंदी बघून घ्यायची. आठ मिलिमीटरच्या पट्टीला दहाची क्लिप लावली की पट्टी आत सरकते आणि प्लस-मायनस हुकतं. पण दुकानात रोज काच पुसली जाते, दार ओढलं जातं, धूळ बसते. क्लिपची पिन तांब्यावर नुसती टेकलेली असते. तांबं काळं पडलं की तुमचे ०.३ ओहम हजर. सोल्डरमध्ये धातूला धातू धरतो.

मामा : धरतो, जर तुला धरवता आला तर. पोरं काय करतात माहीत आहे? तार ठेवली, कथलाचा गोळा वर टाकला, झालं. वरून चकाकतं आणि खाली चिकटलेलंच नसतं. ओढलं की निघतं.

भाची : आजीकडची पितळी भांडी कल्हईला जायची ना? कल्हईवाला भांडं आधी तापवायचा, नवसागर टाकायचा आणि मग कथील फिरवायचा. तापल्याशिवाय आणि साफ झाल्याशिवाय कथील बसतच नाही. हेही तेच आहे. ठिपका आधी पुसून राळ लावायची, मग आयर्नचं टोक ठिपक्याला टेकवायचं आणि कथील ठिपक्यावर वितळू द्यायचं. नुसत्या टोकावर वितळवून उपयोग नाही. तारेच्या टोकालाही तसाच पातळ थर द्यायचा. मग दोन्ही एकत्र आणून सेकंदभर टेकवायचं आणि हात न हलवता थंड होऊ द्यायचं.

मामा : आणि राळ संपली म्हणून नवसागर लावला तर?

भाची : इथे नाही चालत. त्याने तांब्याची पातळ रेघ हळूहळू खाल्ली जाते. नळकामाची पेस्टही नको. फक्त राळ. आयर्न २५ वॉटची पुरे. फार वेळ टेकवली तर ठिपकाच पट्टीवरून सुटतो, मग पाच सेंटिमीटर मागे जाऊन पुढच्या रेघेवर कापायचं.

मामा : हे तुझ्या डिप्लोमाने शिकवलं. मी म्हणतोय घरोघरचं. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड दोन वर्षांचा असतो, तो उगाच नाही. १९५६ च्या वीज नियमांत ४५ वा नियमच होता की विजेच्या मांडणीत भर, बदल, दुरुस्ती परवानाधारक ठेकेदाराशिवाय करू नये.

भाची : त्याच नियमात सूटही होती, मामा. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं बदलायला.

मामा : बदलायला. कापून जोडायला नाही.

या मुद्द्यावर मी स्वतः भाचीकडे झुकतो, पण पुरता नाही. नियमाचा हेतू भिंतीतल्या २३० व्होल्टच्या मांडणीला सांभाळण्याचा आहे. ॲडॉप्टरच्या पुढच्या १२ व्होल्टच्या पट्टीला वायरमन बोलवायचा म्हटलं तर पाच सेंटिमीटरच्या दुरुस्तीसाठी कुणी येणार नाही. मग चांगली पट्टी उकिरड्यावर जाणार. तीत तांबं आहे, कथील आहे, पुन्हा न मिळणारी मेहनत आहे. ज्या गावांनी रेडिओ आणि मिक्सर वर्षानुवर्षं दुरुस्त करून वापरले, तिथे दुरुस्ती हे कमीपणाचं काम ठरावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. मात्र ही सूट ॲडॉप्टरपाशी संपते. त्याच्या अलीकडे मामांचाच शब्द शेवटचा.

मामा : बरं, तुझा ॲडॉप्टर दाखव.

भाची : हा, जाळीच्या पत्र्याच्या डब्यातला एसएमपीएस. स्क्रू आहेत. फेज, न्यूट्रल, अर्थ, आणि पलीकडे मायनस, प्लस.

मामा : हे स्क्रू उघडे आहेत. एका बाजूला १२ आणि बोटभर अंतरावर २३०. काउंटरच्या खाली हा ठेवणार, आणि तिथेच दुकानातला पोरगा ओल्या हाताने फडकं शोधणार. मला पट्टीपेक्षा या डब्याची भीती आहे.

भाची : मग हा भाग तुमचा. तुम्ही झाकणाच्या पेटीत बसवा, अर्थिंग करा. मी फक्त १२ च्या स्क्रूपासून पुढे.

मामा : आता बोललीस. आणि त्यावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे का बघ, ‘आर’ अक्षराने सुरू होणारा. नसला तर हा परत. ७२ वॉटच्या पट्टीला ७२ चाच नको, ९० च्या पुढचा घे. दमछाक करून चालवलेला सप्लाय लवकर मरतो, आणि मरताना कसा मरेल ते सांगता येत नाही.

भाची : अजून एक. बाबांना काउंटरच्या खालच्या फळीलाही पट्टी हवी. या पाच मीटरच्या शेपटाला दुसरी पाच मीटर जोडा म्हणतायत.

मामा : कर की. तुला तर जोडायची हौसच आहे.

भाची : नाही करणार. मग पहिल्या पट्टीच्या तोंडातून १२ ॲम्पिअर जातील. तांब्याचा तो कागदासारखा थर तेवढ्यासाठी नाही. तोंडाशी तापेल आणि शेपटाकडे उजेड मंद पडेल. दुसरी पट्टी सरळ सप्लायपासून वेगळ्या तारांनी. आणि तारही जाड. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पाच मीटर नेली, जाऊन-येऊन दहा मीटर, तर ६ ॲम्पिअरला सुमारे १ व्होल्ट तारेतच जातो. २३० मधला एक व्होल्ट गेला तर कुणाला कळत नाही, १२ मधला गेला की डोळ्यांना दिसतो. म्हणून दीड चौरस मिलिमीटर घेऊ आणि सप्लाय जवळ ठेवू.

मामा : हे मात्र पटलं.

आता उजेडाबद्दल, कारण पेढ्याच्या दुकानात तो विषय टाळता येत नाही. पट्टीतला पांढरा उजेड मुळात निळा असतो. निळ्या एलईडीवर पिवळसर लेप असतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. लाल एलईडी १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी दाखवला, पण कामाचा निळा मिळायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. त्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. लेप किती आणि कसा यावर उजेडाची छटा ठरते. ३००० केल्व्हिनची पट्टी पिवळसर, ६५०० ची निळसर पांढरी. पिवळ्या उजेडात पेढा जास्त भाजलेला, खमंग वाटतो. निळसर पांढऱ्यात खवा अधिकच पांढरा वाटतो. माझं मत विचाराल तर ४००० च्या आसपासची घ्यावी, म्हणजे माल आहे तसा दिसेल. आणि जोडायचा तुकडा शक्यतो त्याच रिळातला असावा. दोन रिळांवर एकच आकडा छापलेला असला तरी छटा शेजारशेजार ठेवल्यावर वेगळी निघते, आणि गिऱ्हाईकाची नजर नेमकी तिथेच जाते.

भाची : तुकडा मी त्याच रिळाचा ठेवलाय, चाळीस सेंटिमीटर उरला होता. आता कापू?

मामा : इथे? परातींच्या शेजारी?

भाची : का?

मामा : तुझं ते सोल्डर कसलं आहे?

भाची : साठ-चाळीस. साठ टक्के कथील, चाळीस... शिसं.

मामा : शिसं. आणि इथे खवा उघडा आहे. लोक लेकरांना पेढा भरवायला घेऊन जातात. काउंटरची फळी काढ, मागच्या ओट्यावर ने, तिथे काम कर. थेंब पडलेला कागद गुंडाळून वेगळा ठेव, हात साबणाने धू आणि मगच दुकानात ये. मला इलेक्ट्रॉनिक्स येत नाही, पण दुकान कळतं.

मामांची ही सूचना मला साऱ्या संवादात सर्वांत मोलाची वाटते. घरी सोल्डरिंग करणाऱ्याने स्वयंपाकाच्या ओट्यावर ते करू नये. शिसं नसलेलं सोल्डर मिळतं, ते थोडं जास्त तापवावं लागतं एवढंच. खिडकीही उघडी हवी, कारण राळेचा धूर छातीत जातो.

मागच्या ओट्यावर भाची काम करते ते जवळून पाहण्यासारखं आहे. पट्टीवर पाणी अडवायला सिलिकॉनचा लेप आहे. ती ब्लेडच्या टोकाने फक्त ठिपक्यांवरचा लेप सोलून काढते. काळ्या गटाच्या दोन्ही रेघांवर कापते. नवा तुकडा मध्ये ठेवते, प्लसला प्लस, मायनसला मायनस. मग तारेचे छोटे पूल टाकते. चार जोड होतात. सप्लाय लावण्याआधी मल्टिमीटर प्लस आणि मायनसवर टेकवते. थेट शॉर्ट नाही ना, एवढं आधी बघायचं. जोडावर श्रिंक स्लीव्ह. उघड्या राहिलेल्या जागी पुन्हा सिलिकॉन, पण आंबट वासाचं नाही. त्या वासातलं आम्ल तांबं खातं, बिनवासाचं न्यूट्रल घ्यावं लागतं.

मामा : आता तासभर चालू ठेव. मग जोडाला बोटाची मागची बाजू लावून बघ. पट्टीच्या इतर भागापेक्षा जोड गरम लागला तर उकल आणि पुन्हा कर.

भाची : आणि काउंटरच्या कोपऱ्यांना?

मामा : तिथे पट्टी दुमडून टाक, मऊ तर आहे.

भाची : सपाट बाजूने वळते, मामा, कडेने नाही. दुमडली की आतलं तांबं तडकतं आणि महिन्याभरात लुकलुकायला लागतं. कोपऱ्यावर कापून तारेने वळवावं लागेल.

मामा : किती कोपरे?

भाची : चार.

मामा : म्हणजे प्रत्येक कोपऱ्याला दोन तारा, दोन्ही टोकांचे मिळून सोळा डाग. मी वायरिंगच्या धंद्यात एवढं एकच पाळलं, जिथे जोड टळतो तिथे टाळायचा. वरच्या कडेलाच एक सरळ पट्टी ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये बसव. पेढ्यावर उजेड वरूनच हवा. खालून आणि बाजूने लावून काय मिळणार? डोळ्यांत जाणार तो.

भाची : पण चारही बाजूंनी छान दिसतं.

मामा : छान दिसतं म्हणून सोळा डाग?

इथे भाची लगेच कबूल होत नाही, आणि मीही तिला कबूल करायला लावणार नाही. चारही बाजूंचा उजेड पाहिलेला माणूस एका बाजूवर सहज राजी होत नाही. पण चॅनेलचा मुद्दा तिला पटतो. ॲल्युमिनियम उष्णता ओढून घेतं आणि पट्टी जास्त टिकते. शिवाय रंगाच्या भिंतीवर किंवा धुळीच्या फळीवर पट्टीमागचा चिकट कागद फार दिवस धरत नाही.

मामा : एक बोलू? तुझ्या हाताची मला आता काळजी नाही. काळजी शेजारच्याची आहे. तो तुझं बघणार. घरी जाऊन पीओपीतली पट्टी कात्रीने कापणार. ती २३० ची.

भाची : ती जाड असते ना, प्लास्टिकच्या नळीत. प्लगजवळ छोटी डबी.

मामा : त्या डबीत फक्त रेक्टिफायर आहे. ट्रान्सफॉर्मर नाही. पट्टीच्या शेपटापर्यंत मेनचं व्होल्टेज जातं. तिलाही कापायची खूण असते, कुठे अर्ध्या मीटरवर, कुठे मीटरवर. चालू असताना कापली, किंवा कापून टोकाला टोपी न लावता सोडली, तर तिथे मरण आहे. दोन्ही पट्ट्या, दोन्हींवर कात्रीचं चित्र, आणि माणसाला वाटतं एकच वस्तू. तू शिकवलंस ते अर्धवट घेऊन तो जाणार.

भाची : मग न शिकवून तो थांबणार आहे का? तो तसाही कापणारच, मोबाइलवर बघून. त्यापेक्षा त्याला इथेच बोलवू. मी दुसरी पट्टी जोडते तेव्हा त्याला समोर उभा करू. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून दाखवते, कुठली कात्रीची आणि कुठली तुमची.

मामा : २३० ची माझ्याकडे पडलेली आहे मीटरभर. संध्याकाळी आणतो. प्लग मात्र मी कापूनच आणणार.